शुक्रवारचं झांझिबार

एकोणीसशे चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात शरीफ दर्जी बायकोमुलांना घेऊन जव्हारच्या एसटी स्टँडवर उतरला, तेव्हा त्याच्या बायकोने, झरीनाने, पहिलीच चौकशी केली ती समुद्राची. कोणत्या बाजूला आहे, असं तिने विचारलं. शरीफने मावळतीकडे हात केला आणि सांगितलं की डहाणूला, घाट उतरून गेलं की लागतो.  समुद्र गावात नसतो, त्याच्याकडे गाडीत बसून जावं लागतं, ही गोष्टच झरीनाला नवी होती.

ती जन्मली होती झांझिबार बेटावर, आफ्रिकेच्या किनाऱ्याला. तिचा आजा कोकणातला खलाशी. शिडाच्या गलबतावरून तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. बापाचं काचसामानाचं दुकान होतं, गल्लीच्या तोंडाशी, कोरीव सागवानी दरवाजाचं. शरीफ मात्र अस्सल जव्हारचा. विशीत मामाच्या मागोमाग तो झांझिबारला गेला, तिकडच्या पुरुषांचे पायघोळ पांढरे झगे शिवायला शिकला, आणि काचसामानवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. तिकडेच म्हातारे होणार असं दोघंही धरून चालले होते. पण त्या वर्षीच्या जानेवारीत, रमजान तोंडावर आलेला असताना, बेटावर उठाव झाला. सुलतान बोटीत बसून निघून गेला, दुकानं लुटली गेली, माणसं मारली गेली. झरीनाचा बाप कसाबसा मुख्य भूमीवर पोचला आणि तिथेच हृदय बंद पडून गेला. शरीफने काही महिन्यांनी मुंबईची बोट पकडली. सोबत आठ वर्षांचा हारुन, चार वर्षांची शकिला, एक ट्रंक, आणि शिवणाच्या कामाची कात्री.

जव्हारला शरीफच्या थोरल्या भावाचं घर बाजारगल्लीत होतं. भावाने पुढची खोली दिली. ओट्यावर मशीन बसलं, आणि सुलतानाच्या दरबाऱ्यांचे झगे शिवणारा माणूस आश्रमशाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या शिवू लागला. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. तो झांझिबारबद्दलच बोलायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, होतो काही वर्षं तिकडे, आणि सुईत दोरा ओवायला घ्यायचा.

झरीनाला माणसं बरी वाटली, पण तिचं बोलणं लोकांना गमतीचं वाटे. तिची मराठी आज्याच्या किनाऱ्यावरची, हेल काढून बोलायची, आणि मधेच एखादा स्वाहिली शब्द. मोठी जाऊ मदीनाभाभी मायाळू होती. तिने झरीनाला नागलीची भाकरी थापायला शिकवली, करवंदं कुठे मिळतात ते दाखवलं. झरीनाने एकदा तिला सांगितलं की आमच्या बेटाचं स्वतःचं राज्य होतं, झेंडा होता, टपालाची तिकिटं होती. भाभी जरा ताठ बसून म्हणाली, "राजा आमच्याकडेपण होता हो. राजवाडा अजून उभा आहे." मग दोघी हसल्या. दोघींची राज्यं गेलेली होती, आणि दोघींना त्याचा तोराही होता.

दोन वर्षांनी मेहबूब झाला. तो पाळण्यात असतानाची गोष्ट. झरीना त्याला आंघोळ घालताना काहीतरी गुणगुणत होती, आणि त्यात 'बाहारी' शब्द आला. शकिला शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारलं, "अम्मी, बाहारी म्हणजे काय?"

झरीनाचा तांब्या हातातच राहिला. ज्या पोरीला समुद्राच्या वाळूतून उचलून घरी आणावं लागायचं, ती समुद्राचा शब्द विसरली होती. आणि मांडीवरच्या या बाळाने तर तो कधी ऐकलेलाच नव्हता. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण बोललो नाही तर हे बेट या घरात आपल्याबरोबरच संपणार.

पुढच्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने दोघा पोरांना हातपाय धुऊन बसवलं. परातीत नागलीचं पीठ घेतलं आणि बोटाने त्याचं बेट केलं. लांबट, उभं, एका अंगाला थोडं चावल्यासारखं. हे गाव, ही गोदी, इथे सुलतानाचा वाडा, इथून पुढे लवंगांच्या बागा. मग तांब्यातलं पाणी परातीच्या कडेने ओतलं. पीठ भिजून बेट खचायला लागलं तशी शकिला ओरडली, हारुनने हाताने बांध घातला, आणि मदीनाभाभी दारातून म्हणाली की आता त्याच्या भाकऱ्या करून टाक, अन्न वाया नको. रात्री सगळ्यांनी झांझिबार खाल्लं.

तेव्हापासून शुक्रवार ठरून गेला. दुपारच्या नमाजानंतर शरीफ मशीन चालवत नसे. ओट्यावर बसून काजं-बटणं करी. आतल्या खोलीत झरीनाची शाळा सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानपर्यंत चाले. तिच्याकडे पुस्तक नव्हतं, नकाशा नव्हता. जे आठवेल ते, जसं आठवेल तसं. पोर्तुगीज आले, मग ओमानचे अरब आले आणि त्यांना बेट इतकं आवडलं की त्यांनी आपली राजगादीच तिकडे हलवली. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून सुटला की आपल्या किनाऱ्यावरून गलबतं निघायची, कापड, तांदूळ, कौलं, सागवान घेऊन. उन्हाळा सरताना वारा उलटा फिरला की तीच गलबतं लवंगा घेऊन परत. "म्हणजे वाराच एसटी," हारुन म्हणाला, आणि झरीनाला ते इतकं आवडलं की तिने ते पुढे कितीतरी वेळा वापरलं.

मोठ्यांना सलाम करताना 'शिकामू' म्हणायचं, मोठ्यांनी 'मराहाबा' म्हणायचं. घरात कुणी आलं की 'करिबू', म्हणजे जवळ या. घराबाहेरच्या दगडी ओट्याला बाराझा म्हणतात, तिथे संध्याकाळी कॉफीवाला पितळी किटली घेऊन येतो आणि हातातल्या कपांचा टणटण आवाज करतो. हा आवाज झरीना दोन वाट्यांनी काढून दाखवी. नारळ किसायच्या लाकडी बैठकीला तिकडे म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी, आणि बायका तिच्या पाठीवर बसून नारळ किसतात. पोरं हसून लोळायची. सगळ्यांत मजा यायची ती आपल्याकडून तिकडे गेलेले शब्द ओळखण्यात. चपाती तीच, रंगाला रंगी, लाखाला लाकी, गाडीला गारी. जणू घरातलीच माणसं दुसऱ्या गावी वेगळे कपडे घालून भेटावीत.

एक धडा मात्र अंगाशी आला. तिकडे दिवस उजाडला की घड्याळ सुरू होतं. आपले सकाळचे सात, तो तिकडचा एक. हारुनला हे फार पटलं. शाळेत भोये गुरुजींनी किती वाजले म्हणून विचारलं तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि त्याने उभं राहून साडेचार म्हणून सांगितलं. वर्ग खदखदला. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी कारण विचारून घेतलं आणि म्हणाले की आमच्या पाड्यावरही आधी दिवस उगवतो, घड्याळ मागून येतं. पण पोरांना एवढं पुरलं. हारुनचं नाव पडलं लवंग्या. कुणी हबशी म्हणे. त्याने वर्षभर सोसलं आणि एका शुक्रवारी तो आतल्या खोलीत आलाच नाही. ओट्यावर बापाच्या शेजारी बसून राहिला. झरीनाने हाक मारली, तेव्हा म्हणाला की मला बटणं लावायचीत. पुढे तो कधीच आत आला नाही. दर शुक्रवारी ओट्यावर, पाठ आत करून.

शरीफने त्याला जा असंही म्हटलं नाही आणि नको असंही नाही.

झरीनाला ते लागलं. पण मेहबूब मोठा होत होता, आणि त्याच्यासारखा विद्यार्थी मिळाला नसता. त्याने बेट पाहिलेलं नव्हतं, म्हणूनच त्याला ते सगळ्यांत स्पष्ट दिसे. शकिलाला जिथे अंधुक आठवे तिथे तो ठामपणे सांगे. वाड्याच्या दारावर पितळेचे खिळे किती मोठे, तर त्याच्या मुठीएवढे. झरीना दोघांना घेऊन कधी शिरपामाळावर जाई. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे थांबले होते, हे शकिला शाळेत शिकलेली, ती आईला सांगे. मग आई मावळतीकडे बोट करून आपलं सांगे. तिथून हवा स्वच्छ असली की समुद्र दिसतो, असं कुणी कुणी म्हणत. झरीनाला तो कधी दिसला नाही. मेहबूब मात्र दरवेळी म्हणे, दिसला.

एका वर्षी होळीनंतर ती मुलांना मोखाड्याला बोहाडा पाहायला घेऊन गेली. देवांचे आणि राक्षसांचे रंगवलेले मुखवटे घालून माणसं नाचत होती, संबळ वाजत होता, आणि गर्दीत वारली, कोकणा, बाजारातले वाणी, मुसलमान, सगळे टाचा उंचावून बघत होते. परतीच्या जीपमध्ये मेहबूबने विचारलं की आपल्या बेटावर असं काही असतं का. झरीनाला एकदम आठवलं. दक्षिणेच्या एका गावात जुन्या वर्षाच्या शेवटी पुरुष केळीच्या खोडाची सोपटं घेऊन एकमेकांना बडवतात. वर्षभराचा सगळा राग तिथे काढायचा, मनात काही ठेवायचं नाही. मग बायका नटूनथटून गाणी म्हणतात आणि नवं वर्ष लागतं. जीपमधली एक म्हातारी, टोपलीत कोंबडी घेऊन बसलेली, हे ऐकत होती. ती म्हणाली, "बरं करतात. पोटात ठिवला का सडतं." त्या दिवशी झरीनाला पहिल्यांदा वाटलं, की हे डोंगर आता आपले झाले असावेत.

पण तिच्या स्वतःच्या शाळेत एक गोष्ट पोटात ठेवलेली होती. तिचं झांझिबार नेहमी एकाच ठिकाणी संपे. लवंगा, वाडा, ईदची तोफ, बाराझावरच्या गप्पा, आणि मग, "मग आपण बोटीत बसलो." मधलं काही नाही. मुलांनीही ते तसंच घेतलं होतं, गाण्याच्या शेवटच्या ओळीसारखं.

मेहबूब दहा वर्षांचा असताना त्याने विचारलं. पावसाळा सरलेला, शुक्रवार. इतकं चांगलं होतं तर आपण आलो कशाला? झरीना म्हणाली, दंगल झाली. कुणी केली? शकिलाही आता सोळा वर्षांची होती, तिनेही मान वर केली. झरीना म्हणाली, "वाईट माणसं होती. त्यांनी घरं लुटली, जाळली. तुमच्या नानांचं दुकान फोडलं."

तेवढ्यात ओट्यावरून शरीफचा आवाज आला.

"वाईट माणसं नव्हती."

त्या घरात शुक्रवारी तो आजवर एक शब्द बोललेला नव्हता. तो उठून दारात आला. हातात अर्धवट काज केलेला सदरा होता. त्याने विचारलं, "जुमाबद्दल सांगितलंस कधी यांना?"

झरीनाने नकारार्थी मान हलवली. तेव्हा तो चौकटीलाच टेकून खाली बसला आणि सांगू लागला. आधी शब्द अडत होते, मग वाट सापडल्यासारखे येत गेले. त्याच्या दुकानात त्याच्या शेजारी जुमा नावाचा माणूस शिवायला बसे. तिकडचाच, काळा, शरीफच्याच वयाचा. शुक्रवारी जन्मला म्हणून जुमा. खाडीपलीकडे न्गाम्बो नावाच्या वस्तीत त्याची मातीची झोपडी. अलीकडच्या, दगडी घरांच्या गावातली माणसं त्या वस्तीला नुसतं 'पलीकडे' म्हणत. जुमाची आजी लहानपणी मुख्य भूमीवरून पकडून आणलेली, बेटावरच्या गुलामांच्या बाजारात विकलेली. त्याचा बाप लवंगा तोडून म्हातारा झाला. बाग दुसऱ्याची, लवंगा दुसऱ्याच्या, आणि झोपडी बांधली ती जमीनही दुसऱ्याची.

"तुझी अम्मी सांगते तो लवंगांचा वास खरा आहे," शरीफ म्हणाला. "पण झाडावर चढणारा वेगळा आणि वास घेणारा वेगळा."

उठाव झाला त्या रविवारी सकाळीच जुमा दाराशी आला. काही घेऊ नका, कुलूप लावू नका, चला म्हणाला. शकिलाला त्याने खांद्यावर घेतलं. गल्ल्यागल्ल्यांतून, खाडी ओलांडून त्यांना आपल्या झोपडीत नेलं. तिथे ती सगळी काही दिवस राहिली. बंदुका आणि कोयते घेतलेली माणसं दोनदा दाराशी आली. दोन्ही वेळा जुमा उंबऱ्यात उभा राहिला आणि ही माझी माणसं आहेत म्हणाला. आणि हाच जुमा रात्री शरीफला सांगत होता की मी आज खूश आहे. आमचं राज्य आलंय. खूश आहे, आणि तुमच्यासाठी घाबरलोही आहे. दोन्ही एकदम.

"तोही त्यांच्यातलाच होता," शरीफ म्हणाला. "मारणाऱ्यांनी मारलं, ते मी विसरलो नाही. पण सगळी वाईट माणसं होती असं या पोरांना शिकवू नकोस."

 झरीना म्हणाली, "माझ्या बापाने कुणाचं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही केलं," शरीफ म्हणाला. "जुमाच्या आजीनेपण कुणाचं काही केलं नव्हतं."

बाहेर ओट्यावर हारुन होता. वीस वर्षांचा झाला होता, बापाच्या हाताखाली शिवत होता. त्याची पाठ आत होती, पण हातातली सुई थांबलेली होती.

पुढचे काही शुक्रवार शाळा भरली नाही. झरीना घरातलं सगळं करी, नवऱ्याला चहा देई, पण बोलणं कामापुरतं. तिला राग होता, आणि कुणाचा ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. सगळं गाव, बाप, दुकान, दरवाजा, जे काही होतं ते गेलं होतं. राहिली होती ती आठवण. आता तीही पूर्ण तिची राहिली नव्हती. मदीनाभाभीने एकदा भाजी निवडताना हळूच विचारलं, तेव्हा ती म्हणाली की भाभी, मी त्या गावात जन्मले, वाढले, लग्न केलं, दोन मुलं झाली, आणि त्या खाडीच्या पलीकडे मी त्या दिवसापर्यंत एकदाही गेले नव्हते. जुमा रोज माझ्या हातचा चहा प्यायचा. त्याला आजी होती, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

भाभीने काही समजूत घातली नाही. नुसतं म्हणाली, आमच्या घरी नवसू लाकडाची मोळी घेऊन येतो, त्याची आजी कोण ते मलातरी कुठे माहीत आहे. आणि दोघी पुन्हा भाजी निवडू लागल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी झरीनाने ट्रंक उघडली. तळाशी एक कांगा होता, तिकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात ते छापील कापड, काळ्या-तांबड्या रंगाचं, विरलेलं. हे तिने मुलांना कधी दाखवलं नव्हतं. तिने ते मांडीवर पसरलं आणि सांगितलं, की त्या सकाळी मी उघड्या डोक्याने घरातून पळाले होते. झोपडीत शिरल्यावर जुमाच्या आईने स्वतःच्या अंगावरचा हा कांगा काढून माझ्या डोक्यावर घातला. ती मला काहीतरी म्हणाली, भीतीने मला ते ऐकूच आलं नाही. काय म्हणाली असेल, हे मी आजही शोधते आहे.

मग तिने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. वाडा होता, तोफ होती, बाजारही होता, माणसांचा. जिथे तिला माहिती नव्हती तिथे तिने ओट्याकडे पाहून विचारलं, आणि शरीफ तिथूनच उत्तर देत गेला. त्या वर्षापासून शाळेला दोन मास्तर झाले. कधी त्यांचं एकमेकांशी पटे, कधी नाही. मेहबूबला आधीचं झांझिबार जास्त आवडत होतं, असं त्याने तोंडावर सांगितलं. शकिलाला दुसरं. तिने पुढे जामसरच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली.

एकोणऐंशी साली हारुन मस्कतला गेला. एका ओळखीच्याच्या मार्फत, शिंप्याच्या दुकानात. जाताना आईने त्याच्याबरोबर चटणी दिली, लोणचं दिलं, सांगितलं काहीच नाही. दोन वर्षांनी तो पहिल्या रजेवर आला. अंग भरलेलं, हाताला घड्याळ, बॅगेत सगळ्यांसाठी कापडं. जेवण झाल्यावर तो आईसमोर मांडी घालून बसला आणि फाडफाड स्वाहिलीत बोलू लागला.

झरीना बघतच राहिली. मस्कतच्या बाजारात निम्म्या दुकानांतून हीच भाषा आहे, त्याने सांगितलं. झांझिबारहून पळालेले ओमानी अरब सगळे तिकडे आहेत. पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक बायकोशी बोलत होतं आणि ते मला समजलं. मी कधी शिकलो नव्हतो. ओट्यावर बसून कानात गेलेलं सगळं तसंच होतं, अम्मी.

त्याने आईच्या दोन शब्दांच्या चुका दाखवल्या. ती वाद घालायला लागली, मग ऐकायला लागली. तिचं पुष्कळसं विसरलं होतं आणि काही तिने नकळत मराठीत मिसळून टाकलं होतं. मुलगा सांगत होता आणि ती त्याच्यामागून म्हणत होती, नातवंडाकडून धडा घेणाऱ्या आजीसारखी खुशीत.

शरीफ बाजूला बसून होता. त्याने विचारलं, "तिकडचे लोक काय बोलतात? जुन्या दिवसांचं?"

हारुन म्हणाला, "अम्मी आधी सांगायची तेच. वाडा, बागा, ईद. मग बोटीत बसलो."

"आणि मधलं?"

"मधलं कुणी काढत नाही." हारुन म्हणाला. "मी काढलं एकदा. ईदला मालकाच्या घरी, तेही झांझिबारहून पळालेलेच, सगळे बसले होते, म्हातारे, बायका. मी त्यांना जुमाचाचाचं सांगितलं. त्याच्या आजीपासून सगळं, तुम्ही सांगितलं होतं तसं."

शरीफने मान वर केली. "मग?"

"मालकाचा भाऊ उठून गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही, अजूनही बोलत नाही. बाकीच्यांनी विषय बदलला." हारुन हसला. "पण मालकाची आई बसून राहिली. सगळे गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, त्या माणसाची झोपडी न्गाम्बोत कुठे होती. मला माहीत नव्हतं. म्हटलं, घरी गेलो की विचारून येतो."

 शरीफ मुलाच्या जवळ सरकला, जमिनीवर बोटाने एक रेघ ओढली आणि म्हणाला, ही खाडी. त्याच्या बोटाच्या पुढे झरीनाने आपलं बोट टेकवलं आणि सांगितलं की नाही, पूल जरा इकडे होता. तो म्हणाला, बरोबर, इकडे. मेहबूबने कंदिलाची वात मोठी केली, आणि पुलावरून पुढे कुठे वळायचं यावर दोघांचं बोलणं सुरू झालं.